साथ यायच्या आधी जनावरांचा डॉक्टर नेमकं काय करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लम्पीच्या वेळी डॉक्टर गोठ्यात आले ते अंगावर गाठी उठल्यावर, मग 'साथीची पूर्वतयारी' म्हणून हे लोक वर्षभर करतात तरी काय? टोमणा पोचला. मी कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात पशुवैद्यक म्हणून काम करतो, तेव्हा इकडच्या हिशेबानेच उत्तर देतो.

साथीत औषधाचा वाटा लोकांना वाटतो तेवढा नसतो. लाळ्या-खुरकत काय नि लम्पी काय, दोन्ही विषाणूंचे आजार. आम्ही ताप उतरवतो, जखमा धुतो, त्या चिघळू देत नाही. बाकी जनावर आपल्या ताकदीवर उठतं. खरा फरक पडतो तो पहिलं जनावर आजारी पडल्यापासून आम्हाला कळेपर्यंत किती वेळ गेला याने. लाळ्या-खुरकतीत तोंडात फोड यायच्या आधीच दुधातून नि लाळेतून विषाणू बाहेर पडायला लागतो. मालक 'दोन दिवस बघू' म्हणेपर्यंत शेजारची दावणही गेलेली असते. त्यामुळे माझी निम्मी तयारी म्हणजे मला फोन लवकर येईल अशी सोय करून ठेवणं.

हा फोन बऱ्याचदा मालकाचा नसतोच, डेअरीच्या सेक्रेटरीचा असतो. रोज भरलेली किटली आणणारा माणूस सलग दोन पाळ्या अर्धी आणायला लागला आणि त्याच गल्लीतल्या आणखी एकाचंही तसंच झालं, की ते आधी सेक्रेटरीच्या लक्षात येतं. दुसरे खबरे म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारे धनगर आणि बाजारातले हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल. अथणीकडून आलेला बैल कुठे विकला गेला हे हेड्याला तोंडपाठ असतं. ही ओळखपाळख कुठल्याच अहवालात दाखवता येत नाही. पण बुळकांडी (रिंडरपेस्ट) हा गुरांचा जीवघेणा रोग जगातून संपला त्यात अशा चौकशीचा मोठा वाटा होता. लसीने बुळकांडीला जेरीला आणलं, नंतर लस बंद करून गावोगाव 'तोंड आलेलं, हगवण लागलेलं जनावर आहे का' असं विचारत फिरावं लागलं. २००६ मध्ये भारत त्या रोगातून मुक्त ठरला, २०११ मध्ये सगळं जग.

आता लोक लपवतात का, तर लपवतात. २००९ चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा सांगतो की नुसती शंका आली तरी मालकाने ग्रामपंचायतीला कळवावं आणि तिथून ते जवळच्या पशुवैद्यकाकडे यावं. कागदावर चोख. पण कळवलं की दूध नाकारतील, बाजार बंद पडेल, भावकी बोल लावेल, ही भीती खोटी नाही. २०२२ मध्ये लम्पीने मेलेल्या जनावरांना भरपाई जाहीर झाली आणि कळवणारे वाढले. त्यातही सीमेची गंमत बघा. कर्नाटकात गायीला २० हजार, बैलाला ३० आणि वासराला ५. महाराष्ट्रात गायीला ३०, बैलाला २५ आणि वासराला १६. दूधगंगा नदीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, गाय मेली तर दहा हजार कमी! हे सोसायटीच्या कट्ट्यावर ऐकून घ्यायला आम्हीच. अशा वेळी कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला आधीच मारलेला असला, की पंचनाम्याला जनावर कुणाचं यावरचा वाद तरी मिटतो.

सीमाभागाचं खरं दुखणं वेगळंच. लम्पीत बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या टापूत लसीकरण करायचं ठरलं होतं. आमच्या सीमेवरच्या कोगनोळी गावाभोवती असं वर्तुळ काढून बघा, त्याचा एक तुकडा महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात पडतो. तिथली लस वेगळ्या खात्याची, आदेश वेगळ्या कलेक्टरांचे, मोहिमेची तारीखही वेगळी. हमरस्त्यावरच्या नाक्यावर टेम्पो अडवता येतो. बहिणीच्या गावाहून बांधाबांधाने चालत आणलेली कालवड कोण अडवणार? म्हणून पलीकडच्या डॉक्टरांचा नंबर माझ्या फोनमध्ये असणं आणि त्यांच्याकडे काय चाललंय हे मला रोज कळणं, याला मी सरकारी बैठकीपेक्षा जास्त किंमत देतो. गळीत हंगामात लांबून ऊसगाड्यांचे बैल येतात, चिंचलीच्या मायक्काच्या जत्रेला दोन्ही राज्यांतून गाड्या येतात. कुठे किती दावणी उतरणार, पाण्याचा हौद एकच आहे का, हे महिनाभर आधी बघून ठेवावं लागतं.

एक आजार असा आहे की त्यात डॉक्टर मेलेल्या जनावरालाही हात जपून लावतो. तो म्हणजे फाशी (अँथ्रॅक्स). संध्याकाळपर्यंत वैरण खाणारी म्हैस सकाळी मेलेली सापडते आणि नाकातून, गुदद्वारातून काळपट रक्त आलेलं असतं, ते गोठत नाही. गावकरी म्हणतात, 'डॉक्टर, फाडून बघा.' फाडायचं नाही! आतले जंतू हवेला लागले की त्यांचे बीजाणू होतात आणि ते मातीत कित्येक दशकं टिकतात. माणसालाही हा आजार होतो. हातमोजे घालून कानाच्या शिरेला सुई टोचायची, एक थेंब काचपट्टीवर पसरायचा आणि ते भोक फिनॉलच्या बोळ्याने बंद करायचं. पट्टी रंगवली की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या कांड्या आणि भोवती गुलाबी कवच दिसतं. हे सामान बॅगेत कायम असलं पाहिजे, त्या दिवशी मागवून चालत नाही.

मग पुरायचं कुठे? माझ्या मते गावाने आधी ठरवायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, आणि नेमकी तीच कुणी ठरवत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा-दूधगंगेकाठच्या गावांनी पाहिलं आहे. पावसाळ्यात नदीकाठच्या मळीच्या रानात थोडं खणलं की खड्डा पाण्याने भरतो. खोल खड्डा, वर-खाली चुना, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, हे सगळं जमायला उंचावरचं गायरान लागतं. जनावर मेल्यावर जागा शोधायला गेलं की 'आमच्या बांधाला नको' यातच दिवस जातो आणि तोवर कुत्री पोचतात. उन्हाळ्यातच पंचायतीशी बोलून जागा नक्की करणं हे पशुवैद्यकाचं काम आहे, इंजेक्शन टोचण्याइतकंच.

लसीबद्दल थोडक्यात. लाळ्या-खुरकतीची दर सहा महिन्यांनी, घटसर्पाची पावसाच्या आधी. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. लाइट गेली म्हणून लाळ्या-खुरकतीची लस बर्फाच्या कप्प्यात टाकली आणि ती गोठली तर ती फुकट गेली समजा. लस टोचली की दूध दोन दिवस कमी येतं म्हणून जी गाय तुम्ही मागच्या दाराने शेतात नेऊन बांधता, साथीत पहिली बहुधा तीच सापडते.

तुमच्याकडून एवढंच करा. विकत आणलेलं जनावर तीन-चार आठवडे वेगळं बांधा, त्याची बादलीही वेगळी ठेवा. बाजारातून आल्यावर चपला गोठ्याबाहेर काढा. लाळ्या-खुरकतीच्या दिवसांत गोठ्याच्या तोंडाला धुण्याच्या सोड्याचं चार टक्के पाणी ठेवलं तरी चालतं. आणि दोन जनावरांनी एकाच दिवशी वैरण सोडली तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ या जनावरांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावा. शंका फोल ठरली तर डॉक्टरची एक फेरी जाईल, तिचा हिशेब तुम्हाला कुणी मागणार नाही.