छपाईनंतर प्रोग्राम आपोआप बंद करताना

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत रोज संध्याकाळी बॅच फाइलमधून (एकापाठोपाठ आज्ञा चालवणाऱ्या फाइलमधून) पीडीएफ पावत्या छापल्या जातात. नंतर ॲडोबी रीडर उघडाच राहतो, म्हणून शेवटी ‘टास्ककिल /एफ’ ही प्रोग्राम जबरदस्तीने बंद करणारी आज्ञा लिहिली. पण आता काही पावत्या निघतच नाहीत. काय करावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : पावती हा सभासदाच्या पैशांचा पुरावा आहे, त्यामुळे ‘/एफ’ आजच काढून टाका. रीडर प्रत्येक पान तयार करून विंडोजच्या स्पूलरकडे, म्हणजे छपाईची कामे रांगेत ठेवणाऱ्या भागाकडे, सोपवतो. सगळी पाने तिथे पोहोचल्यावर रीडर बंद केला तरी छपाई अडत नाही, परंतु ‘/एफ’ त्याला मध्येच तोडते आणि न सोपवलेली पाने हरवतात. ‘टाइमआउट’ या आज्ञेने ठरावीक सेकंद थांबणे हा केवळ अंदाज असून मोठ्या फाइलला तो अपुरा पडतो. प्रिंटरची रांग रिकामी दिसली म्हणूनही निश्चिंत होऊ नये, कारण काम अजून रांगेत आलेलेच नसेल तरीही ती रिकामीच दिसते. शिवाय टास्ककिलमध्ये ‘/आयएम’ने प्रोग्रामचे नाव देऊन तो बंद केल्यास त्या नावाच्या सर्व खिडक्यांवर परिणाम होतो.

माझ्या मते सुमात्रा पीडीएफ हा विनामूल्य प्रोग्राम वापरावा. ‘-प्रिंट-टू-डिफॉल्ट’ हा पर्याय इंग्रजी अक्षरांत दिल्यास तो छपाईनंतर स्वतःच बंद होतो, आणि आज्ञेपूर्वी ‘स्टार्ट /वेट’ लिहिल्यास बॅच फाइल तोवर थांबते. पावत्यांवर मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर असल्यास आधी एक पावती छापून जोडाक्षरे तपासावीत.