दोन प्रत्यंचांचा क्रॉसबो

प्रश्न : मँचेस्टरजवळच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून मी एक क्रॉसबो (दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य) विकत घेतला. धनुष्य पोलादी असून त्याला दोन समांतर प्रत्यंचा आहेत व त्यांच्या मधोमध लहानशी झोळी आहे. बाण ठेवण्याची पन्हळ मात्र कोठेच नाही. दस्त्यात लोखंडी तरफ बसवलेली असून एका पट्टीवर पुसट अक्षरांत 'विगन' असे कोरले आहे. हे सोळाव्या शतकातील युद्धात वापरलेले शस्त्र आहे, असे विक्रेत्याने सांगितले. ते खरे मानावे काय?

उत्तर : मानू नये. आपला क्रॉसबो बाणांचा नसून गोळ्यांचा आहे. शिशाच्या किंवा मातीच्या गोळ्या मारून पक्षी व ससे टिपण्यासाठी तो वापरत. आज गलोल म्हटले की रबराची बेचकी डोळ्यांसमोर येते, पण आपल्याकडची मूळची गलोल म्हणजे झोळी लावलेले, गोळ्या मारण्याचे धनुष्यच होते.

केवळ पोलादी धनुष्यावरून काळ ठरत नाही, कारण पोलादाचा वापर पंधराव्या शतकातही होत होता. खरी साक्ष दस्ता देतो. सोळाव्या शतकातील इटालियन गोळी-क्रॉसबोचा दांडा सडपातळ आणि खाली बाक दिलेला असतो. बंदुकीसारखा, खांद्याला टेकणारा दस्ता आणि त्यातच बसवलेली तरफ ही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी घडण होय. लँकेशायरमधील विगन येथे असे क्रॉसबो घडवणारे कारागीर होते, त्यामुळे आपल्याकडील कोरीव अक्षरे याच काळाकडे बोट दाखवतात. पुढच्या टोकाला दोन बारीक उभे खांब किंवा त्यांची भोके दिसतात का, तेही पाहावे. त्या खांबांमध्ये दोरा ताणून त्यात मणी ओवत आणि त्या मण्यावरून नेम धरत.

स्क्रू भिंगाखाली अवश्य तपासावेत. हाताने केलेल्या स्क्रूच्या डोक्यावरची खाच बहुधा किंचित एका बाजूला सरकलेली असते. सगळे स्क्रू तंतोतंत सारखे असतील, तर ते मागाहून बदललेले असण्याची शक्यता आहे. प्रत्यंचा तर बहुतेक वेळा नव्याच असतात, म्हणून त्यांवरून वय काढू नये.

एक कळकळीची विनंती : हा क्रॉसबो ताणून पाहू नका. जुने पोलाद पूर्वसूचना न देता तुटते आणि त्याचे तुकडे जीवघेण्या वेगाने उडतात. पट्टी घासून चकचकीतही करू नका. तिरप्या उजेडात अक्षरांची छायाचित्रे काढून ती लीड्स येथील रॉयल आर्मरीज संग्रहालयातील तज्ज्ञांना दाखवावीत. 'विगन'च्या आधी कारागिराचे नाव वाचता आले, तर शंभर वर्षांचा हा अंदाज त्याच्या कामाच्या वर्षांपर्यंत आणता येईल.