सायकलिंगमधल्या महिला टीमचं नाव सारखं का बदलतं?

कारण तिथे टीमचं नाव म्हणजेच स्पॉन्सरचं नाव असतं. रोड रेस रस्त्यावर चालते, लोक फुकटात बघतात, तिकीट नाही, आणि टीव्हीचे पैसेही टीमला नाही तर रेस भरवणाऱ्यांना जातात, त्यामुळे टीमचा जवळपास सगळा खर्च स्पॉन्सरवरच, तो गेला की नाव गेलं आणि कधीकधी टीमच बंद.

स्पेशलाइज्ड-लुलुलेमन टीमचंच बघा ना. 2012, 13, 14 सलग तीन वर्षं टीम टाइम ट्रायलमध्ये (अख्खी टीम एकत्र घड्याळाविरुद्ध धावते ती रेस) वर्ल्ड चॅम्पियन, तरी दोन्ही मोठे स्पॉन्सर गेले आणि पुढच्या सीझनसाठी लोकांकडून क्राउडफंडिंग करावं लागलं!! मग 2015 ला वेलोसिओ-स्रॅम नावाने खेळून परत वर्ल्ड टायटल जिंकलं, आणि 2016 ला त्यातल्या बऱ्याच जणी नवीन कॅन्यन-स्रॅममध्ये गेल्या. त्याच कॅन्यन-स्रॅमच्या कासिया निएवियाडोमाने 2024 ची तूर द फ्रान्स फाम, म्हणजे महिलांची टूर द फ्रान्स, जिंकली, फक्त 4 सेकंदांनी.

मला खरंच वाईट याचं वाटतं की टॉप लेव्हलच्या महिला टीम्सना किमान पगाराचा नियम यायलाच 2020 उजाडलं, वर्षाला 15,000 युरो. नंतर तो बराच वाढला, पण स्पॉन्सर गेला तर पुढच्या वर्षी टीम मिळेल का ही धास्ती अजून आहेच.