कीलला यावे का, या प्रश्नाचे उत्तर

फोंड्याहून आपण विचारले आहे, की समुद्रविज्ञानात पीएच.डी. करण्यासाठी जर्मनीतील कील येथे यावे का, आणि आल्यास प्रत्यक्ष समुद्रावर किती जायला मिळते. शिष्यवृत्ती आणि व्हिसाची माहिती संकेतस्थळांवर आहे. ती मी पुन्हा सांगत नाही.

वर्षाकाठी एखादी मोहीम मिळाली तरी नशीब समजा, आणि तीही बहुतांशी विंचपाशी, म्हणजे यंत्रे दोराने समुद्रात खाली-वर करणाऱ्या रहाटापाशी, पाळ्या करण्यातच जाते. क्षारता, तापमान आणि खोली मोजणारे सीटीडी यंत्र, भोवती बाटल्यांचे कडे, हे सारे सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने चार हजार मीटर खाली सोडून वर घ्यायला दोन तासांहून अधिक लागतात. वर आल्यावर पहिले पाणी प्राणवायूसाठी काढायचे: नळी बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी ओसंडू द्यायचे, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग मँगनीजचे आणि आयोडाइडचे द्रावण घालून बूच लावायचे. प्राणवायू असला तर साका तपकिरी होतो. नसला तर पांढराच राहतो.

तो पांढरा साका मी प्रथम पाहिला तो कांदोळीसमोर, सप्टेंबरअखेरीस, होडीत ओकाऱ्या काढत. पावसाळ्यात खोलवरचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी आपल्या किनाऱ्याच्या उथळ भागावर चढते, वर गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो आणि तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. त्याच अरबी समुद्राचे आकडे आज मी सात हजार किलोमीटरांवरून पाहते. आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची स्वयंचलित तरंगती यंत्रे हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरांपर्यंत उतरून, मोजमाप करीत वर येतात आणि उपग्रहामार्फत आकडे धाडतात. हे आकडे सर्वांना मोफत मिळतात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही ते मला तसेच मिळाले असते.

कागदपत्रांचे मात्र सांगतेच. माझ्या जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेले, पदवीवर इंग्रजी वळणाने; इथल्या एका कार्यालयाने या दोन स्वतंत्र व्यक्ती ठरवल्या आणि त्यांचे ऐक्य सिद्ध होईपर्यंत माझे जहाज सुटून गेले होते. आपली कागदपत्रे पणजीतच तपासून घ्या.

एकटेपणाची सवय होते.

ज्याची झाली नाही ते मुलाच्या शाळेचे. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि आमच्या मुलाला गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, न घालण्याचा सल्ला शाळेने दिला त्या आठवड्यात मी मोहिमेवर होते. भाषेत कच्चा, एवढेच कारण. गणित त्याचे उत्तम होते. नवऱ्याने सही केली. मी त्याच दिवशी मुलाचे नाव लिहिलेला थर्मोकोलचा पेला सीटीडीला बांधून खाली सोडला होता, आणि दाबाने तो अंगुस्तानाएवढा होऊन वर आला म्हणून सर्वांना हौसेने दाखवत होते. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. तो पेला त्याने कधी मागितला नाही, मीही दिलेला नाही.

आपण यावे, पण आधी एक सप्टेंबर कांदोळीच्या होडीत काढावा, आणि मुले असतील तर मोहिमेच्या तारखा शाळेचे वेळापत्रक पाहूनच स्वीकाराव्यात.