विम्याचं टेबल नव्याने आलंय?

नगरपरिषदेत विम्याचं टेबल मिळालंय म्हणता, तर आधी मालमत्ता नोंदवही घेऊन गावभर फिरा. आमच्याकडे पंपहाऊसची जुनीच किंमत वर्षानुवर्षं पुढे ओढली जात होती. पुराचं पाणी मोटरपर्यंत चढलं, तेव्हा डोळे उघडले. हिशेब असा: एक कोटीच्या मालमत्तेचा विमा 60 लाखांचाच असेल, तर 10 लाखांच्या नुकसानीला हाती येतात 6 लाख, त्यातूनही ठरलेली वजावट, म्हणजे आपण स्वतः सोसायची रक्कम, जाते. त्यामुळे आजच्या बांधकाम दराने अभियंत्याकडून लेखी किंमत घ्या. आणि नुकसान मोजणारा विम्याचा सर्व्हेअर येण्याआधी चिखल धुऊ नका, निदान फोटो तरी काढा. आमच्या मुकादमाने हौसेने सगळं चकाचक करून ठेवलं होतं!

गट आरोग्य विम्यात हप्त्याआधी रुग्णालयातल्या खोलीभाड्याची मर्यादा बघा. त्याहून महाग खोली घेतली, की बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांच्या फीलाही त्याच प्रमाणात कात्री लागते. नव्या नेमणुका, लग्नं, बाळंतपणं विमा कंपनीला दरमहा कळवा.

कंत्राटी सफाई कामगार या यादीत सहसा नसतात. 21,000 रुपयांपर्यंत पगारवाल्यांना ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल, तर त्याची वर्गणी भरल्याचं चलन पाहिल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पुढे सरकवू नका. त्याने बुडवलं, तर वसुली आपल्याच दारात येते.