जुना मिक्सर मुलाला उघडू द्यावा का? आत बघण्यासारखं काय असतं?

द्या की. तुम्ही लिहिलंय की माळ्यावर वीसेक वर्षांपूर्वीचा मिक्सर पडून आहे, सातवीतल्या मुलाला तो खोलून बघायचाय आणि घरातले 'शॉक बसेल' म्हणून अडवतायत. शॉकची भीती चुकीची नाही, पण प्लग काढून वायर गुंडाळून मांडीवर घेतली असेल तर मिक्सरमध्ये करंट येणार कुठून? एकच नियम घाला: उघडा मिक्सर प्लगला लावायचा नाही, 'फक्त एकदाच फिरवून बघू' म्हणूनसुद्धा नाही. आत तांब्याचे उघडे भाग असतात आणि ते 230 व्होल्टवर चालतात.

मायक्रोवेव्हला मात्र हात लावू देऊ नका. त्यातल्या कपॅसिटरवर (वीज साठवून ठेवणारा भाग) दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ भरलेला राहू शकतो. इंडक्शन शेगडीही नको. मुलाची भूक मिक्सरवर भागत नसेल तर पुढे इस्त्री आहे, टोस्टर आहे.

मी इंजिनिअर नाही. सोलापुरात घरून चटण्या करून विकते: शेंगा, जवस, कारळं, लसूण. नऊ वर्षांत चार मिक्सर हाताखालून गेले, त्यामुळे आतलं सगळं तोंडपाठ झालंय. पहिला बंद पडला तो ऐन दिवाळीच्या ऑर्डरीत. दुरुस्तीवाल्यानं झाकणही न काढता सांगितलं, "मोटर जळली ताई, नवाच घ्या." तेवढे पैसे हातात नव्हते, म्हणून तो घरी परत आणला आणि रात्री जमिनीवर वर्तमानपत्र पसरून स्वतःच उघडला. मोटर ठणठणीत होती. कार्बन झिजले होते (ते काय असतात ते पुढे येईलच). शंभर रुपयांच्या आत काम झालं.

त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली, ती मुलाला सुरुवातीलाच सांगा. मिक्सरमधली महागडी वस्तू एकच, मोटर. बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिच्याआधी बिघडाव्यात म्हणून लावलेल्या असतात. कुठली कुणासाठी जीव देते ते शोधत गेलं की मिक्सर समजतो.

सुरुवात भांड्यापासून करा. पण पात्यावर आधी फडकं गुंडाळा. या सगळ्या उद्योगात बोट कापलंच तर ते पात्यानं कापेल. भांडं उलटं केलं की खाली कपलर दिसतो, म्हणजे मोटरचं फिरणं पात्यापर्यंत पोचवणारी दातेरी चकती, आणि त्याचा जोडीदार मोटरच्या डोक्यावर असतो. भांड्यात हळकुंड अडकलं की पातं जागच्या जागी थांबतं, मोटर मात्र जोर लावतच राहते. अशा वेळी कुणीतरी तुटायला हवं, आणि तो मान बहुतेक वेळा कपलरचा. म्हणूनच तो रबराचा किंवा नायलॉनचा असतो. झिजलेल्या कपलरचे दात बघा, एका बाजूनं गोल झालेले असतात. कुठल्या बाजूनं, ते मुलाला विचारा. त्यावरून मोटर कुठल्या दिशेनं फिरते ते सांगता येतं.

ही दिशा पुढे लागणारच आहे, कारण मोटरवरचा कपलर काढताना मोठमोठी माणसं फसतात. नेहमीच्या सवयीनं पिळतात, तो सुटत नाही, मग पक्कड आणतात आणि दात तोडून बसतात. युक्ती अशी: खालून शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा, पक्का धरायचा (बऱ्याच मिक्सरमध्ये शाफ्टच्या खालच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी खाच असते) आणि कपलर मोटर फिरते त्याच दिशेला फिरवायचा. मोटर चालू असताना भांड्यातलं वाटण कपलरला मागे खेचत असतं. आटे मुद्दाम असे पाडलेले असतात की या मागे खेचण्यानं कपलर आणखी घट्ट बसावा. उलटे आटे असते तर पहिल्याच चटणीला कपलर उडाला असता.

आता मिक्सर पालथा घाला. तळाला लाल बटण दिसेल. मिक्सर बंद पडला की जे दाबून आपण पुन्हा चालू करतो, तेच. आतल्या पट्टीतून जास्त करंट गेला की ती तापून वाकते आणि जोडणी तोडते. हा दुसरा शहीद, पण पुन्हा उठणारा. बाजूच्या जाळीआड पंखा आहे, त्याच शाफ्टवर बसवलेला. मिक्सर जाड कापडावर ठेवून चालवू नये ते एवढ्याचसाठी, त्याला श्वास खालून घ्यायचा असतो.

चार स्क्रू असतील. दिसत नसतील तर रबरी पाय उचकटून बघा, त्यांच्याखाली लपलेले असतात. वेगाचा नॉब सरळ ओढला की निघतो. बूड वेगळं केल्यावर आधी काय दिसेल? स्वयंपाकघर! आमच्यात काळा बुक्का, त्यात हळदीचा पिवळा थर, एक वाळलेली मिरीएवढी लसणाची पाकळी आणि झुरळाचे पाय निघाले. ओलं वाटण भांड्याच्या बुशातून (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिरपतं, म्हणून वरच्या बैठकीला पाणी निघून जायला बहुधा एखादं भोक ठेवलेलं असतं. ते चटणीनं बुजलं की पाणी मोटरीत उतरतं. भांड्याखालून थेंब दिसायला लागले की वॉशर आणि बुश बदला. चार पैशांची वस्तू आहे.

मधोमध मोटर. बाहेरच्या चौकटीवर तांब्याच्या तारेच्या दोन मोठ्या गुंडाळ्या म्हणजे फील्ड, आणि त्यांच्या मध्ये फिरतं ते आर्मेचर. करंट गेला की दोन्ही चुंबक होतात. तारेवरचं वॉर्निश मधाच्या रंगाचं असेल तर मोटर जिवंत आहे असं समजायला हरकत नाही. कोळशासारखं काळं झालं असेल आणि जळका वास येत असेल तर मोटर खरंच गेली. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं कडं दिसेल, तो कम्युटेटर. पट्ट्या मोजायला लावा, आमच्यात 24 निघाल्या. या कड्यावर समोरासमोरून दोन काळ्या कांड्या स्प्रिंगनं टेकलेल्या असतात. दुकानदार ज्याला 'कार्बन' म्हणतात ते हेच. फिरणाऱ्या आर्मेचरला वायर सोल्डर करता येत नाही, करंट घासतच द्यावा लागतो. तांबं झिजण्यापेक्षा कार्बन झिजलेला परवडतो. नवी कांडी बोटाच्या पेराएवढी असते. माझ्यातली तुरीच्या दाण्याएवढी उरली होती आणि स्प्रिंगचा जोर तिच्यापर्यंत पोचत नव्हता, एवढाच काय तो आजार.

आता कागदावर करंटची वाट काढायला सांगा. प्लग, लाल बटण, नॉबचा स्विच, एक फील्ड, कार्बन, आर्मेचर, दुसरा कार्बन, दुसरं फील्ड आणि परत प्लग. क्रम थोडा मागेपुढे असेल, पण सगळे एकाच ओळीत. जुन्या दिवाळीच्या माळेसारखं, एक दिवा गेला की अख्खी माळ बंद. म्हणून 'मिक्सर पूर्ण बंद पडलाय' यावरून मोटर जळली असा निकाल कुणी देऊ शकत नाही. मल्टिमीटर (जोडणी तपासायचं छोटं यंत्र) असेल तर प्लगच्या दोन पिनांपासून एकेक टप्पा तपासत जा, माळ कुठे तुटली ते सापडतं.

एकाच ओळीत असण्याची गंमत आणखी एक. आपल्या विजेची दिशा सेकंदाला 100 वेळा उलटते, मग मोटर मागेपुढे थरथरत का नाही? कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतली दिशा एकाच क्षणी उलटते. दोन्ही चुंबकं एकदम पलटली की त्यांच्यातली ढकलाढकली होती तशीच राहते. अशी मोटर बॅटरीच्या विजेवरही फिरू शकते, म्हणून तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. छताच्या पंख्याची मोटर वेगळ्या जातीची, तिला कार्बनच नसतात, म्हणून पंखा वर्षानुवर्षं गुपचूप फिरतो. पण त्या जातीची मोटर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. मिक्सरची मोटर रिकामी असताना 18,000 च्या आसपास जाते. तो कर्कश आवाज या वेगाची किंमत आहे.

नॉबचं कोडं मला सगळ्यात उशिरा सुटलं. बऱ्याच मिक्सरमध्ये 1 वर करंट फील्डच्या सगळ्या वेढ्यांतून जातो आणि 3 वर काही वेढे वगळले जातात. म्हणजे चुंबक कमजोर केला की वेग वाढतो! फिरणारी मोटर स्वतःच थोडी वीज तयार करून येणाऱ्या विजेला विरोध करते. चुंबक कमजोर असेल तर तेवढाच विरोध उभा करायला तिला जास्त जोरात फिरावं लागतं. आणि पातं अडकून मोटर थांबली की हा विरोध शून्य होतो, करंट धो धो वाहतो, तारा तापतात. अशा वेळी लाल बटण दोन-तीन सेकंद उशिरा उडालं तरी वास येतो. 750 वॉटचा मिक्सर एरवी सव्वातीन अँपिअरच्या आसपास घेतो, अडकला की कितीतरी पट.

थोडं विषयांतर. आपल्याकडची ही दणकट मोटर आली तीच वाटणासाठी. 1960 च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरांनी 'सुमीत' मिक्सर केला. पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकेना, तिथून सुरुवात झाली असं सांगतात. दुधाचं शेक करायला बनवलेल्या यंत्रात भिजवलेली डाळ आणि सुकं खोबरं घातलं तर दुसरं काय होणार? तरी शेंगा चटणी अजून उखळातलीच खरी, हे मिक्सरवर पोट भरणारी मी सांगतेय. उखळात दाणे चेपले जातात आणि तेल सुटतं. मिक्सरमध्ये ते कापले जातात, आणि सलग फिरवलं तर तापून गोळा होतो. मी नॉब उलट्या बाजूला थोडा थोडा दाबत चालवते, त्यात मोटरही वाचते. बहुतेक मिक्सरवर पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असं काहीतरी छापलेलं असतं. ते वाचत कुणी नाही.

जोडताना क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रू अंड्याच्या ट्रेमध्ये ओळीनं ठेवा. कार्बन परत घालताना ज्या बाजूचा त्याच बाजूला, झिजेचा बाक कड्याशी जुळेल असा. वायर पंख्याच्या वाटेत येत नाही ना ते शाफ्ट हातानं फिरवून बघा. बूड बसवून सगळे स्क्रू आवळल्यावर, भांडं न लावता 1 नंबरवर पाच सेकंद चालवा, हे काम तुमचं, मुलाचं नाही. काही मिक्सर भांडं बसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, तिथे रिकामं भांडं लावा. जाळीतून कार्बनपाशी बारीक निळ्या ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका, नवा कार्बन कड्याला घासून बसेपर्यंत जरा जास्तच दिसतात. कड्याभोवती पिवळ्या जाळानं रिंगण धरलं, तर मात्र लगेच प्लग काढा आणि आर्मेचर दाखवून घ्या.