आबांचं बंद पडलेलं चावीचं घड्याळ: ओळखायचं कसं, दुरुस्त होईल का?

भाऊ, तुमच्या आबांचं बंद पडलेलं घड्याळ खरं आहे का आणि दुरुस्त होईल का, असं विचारलंत. तबकडीवर 'एचएमटी जनता' लिहिलंय म्हणता, तर आधी एक काम करा: चावी देऊ नका. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या घड्याळातलं तेल सुकलेलं असतं. त्यात आपल्या जळगाव-धुळ्याकडची धूळ. तसंच चालवलं तर आतल्या चाकांचे दाते झिजतात.

एचएमटी या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन या घड्याळ कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. 'जनता' हे त्यातलं १७ ज्वेलचं (म्हणजे घर्षण कमी करणारे १७ बारीक खडे असलेलं), हाताने चावी द्यायचं मॉडेल. खरी ओळख मात्र आतल्या मशीनवरून पटते. मागचं झाकण कारागिराकडूनच उघडवा. मशीनवर एचएमटीची खूण आहे का ते स्वतः बघा. तबकडी भडक रंगाची, अक्षरं पसरलेली किंवा वाकडी असतील तर ती नंतर रंगवलेली समजा.

जुन्या बाजारात बसणाऱ्या, चावीची घड्याळं करणाऱ्या कारागिराकडे द्या. 'सर्व्हिसिंग करा, तबकडीला हात लावू नका' असं स्पष्ट सांगा. पिवळसर पडलेली तबकडी आबांच्या वापराची आहे. ती रंगवली की गेलीच. काच प्लास्टिकची असते, ओरखडे पॉलिशने जातात, नाहीतर नवी बसते. बदललेले जुने भाग मागून घ्या.